समुद्रकांठचा मुक्काम

साखऱ्यासारख्या गांवांतील एखाद्या कुटुंबानें यंदाच्या सुटींत कॅरिबियन समुद्रांतील एखाद्या बेटावर जाऊन आठपंधरा दिवस नुसतें वाळूवर पडून राहावें असा बेत केला, तर आज शेजारीपाजारी फार तर खर्चाची चौकशी करतील. पण असा बेत मुळांत सुचणें हीच इतिहासाच्या दृष्टीनें मोठी नवलाची गोष्ट आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोणत्या महिन्यांत जावयाचें, किती दिवस राहावयाचें, उतरण्याची सोय कोठें, भाड्यांत काय आलें आणि काय वगळलें, हे प्रश्न आपल्याला अगदीं साहजिक वाटतात. परंतु समुद्राच्या कांठीं विश्रांति घेतां येते ही कल्पनाच जगांत पावणेतीनशें वर्षांहून फारशी जुनी नाहीं. आणि सामान्य मराठी माणसाच्या बाबतींत तर ती शंभर वर्षांचीहि क्वचितच भरेल. त्यापूर्वीं समुद्रकांठीं मुक्काम होत नसत असें नव्हे. ते होत; पण पुण्यासाठीं, औषधासाठीं, पोटासाठीं किंवा शिक्षा म्हणून. आजच्या सुटीच्या बेतांत ह्या चारहि मुक्कामांचे अवशेष शिल्लक आहेत, आणि तेच येथें थोडे उकलून पाहावयाचे आहेत.

साखरा हें गांव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत आहे. तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे वऱ्हाड लागतो. येथून अरबी समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी चारशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि पूर्वसमुद्र त्याहूनहि लांब. ह्या मुलखांतल्या माणसाला समुद्र ठाऊक असे तो पुराणांतून व कीर्तनांतून. कयाधूच्या कांठचें नरसी हें नामदेवांचें गांव म्हणून ओळखलें जातें. औंढ्याचें नागनाथाचें ज्योतिर्लिंगहि ह्याच जिल्ह्यांत आहे. नामदेवांनीं ज्ञानदेवांबरोबर केलेल्या तीर्थयात्रेच्या अभंगांनीं ह्या भागाला तीर्थाटनाची ओढ लावली, आणि चार धामांकडे पाहिलें तर द्वारका, जगन्नाथपुरी व रामेश्वर हीं तीन समुद्रकांठचीं. म्हणजे पैनगंगेकांठच्या कुणब्याला समुद्र पहिल्यानें दिसे तो देवाच्या दारांत.

त्या यात्रेचा बेत आजच्या सहलीच्या बेताहून कमी काटेकोर नसे. सुगी आटोपल्यावर निघावयाचें, एकट्यानें न जातां सोबत पाहून जावयाचें, निघण्यापूर्वीं देणेंघेणें मिटवावयाचें आणि घरादाराची निरवानिरव करावयाची. कारण परत येऊं अशी खात्री कोणालाच नसे. शिधा, अंथरूण-पांघरूण आणि तांब्या हें सामान. उतरावयाचें कोठें हा प्रश्न तर जन्मापूर्वींच सुटलेला असे. क्षेत्रींच्या उपाध्यायाच्या वहींत आजापणजांचीं नांवें लिहिलेलीं असत. गांव आणि कुळ सांगितलें कीं तो उपाध्याय आपल्या घरीं घेऊन जाई, राहण्याची, स्वयंपाकाची व विधीची सोय लावून देई आणि जातांना वहींत नवें नांव चढवी. आजच्या हॉटेलवाल्याला जुन्या गिऱ्हाइकाची एवढी ओळख क्वचितच असते. यात्रा सफळ होऊन मंडळी घरीं परतली म्हणजे मावंदें होई, आणि त्या जेवणाशिवाय यात्रा पुरी झाली असें गांव मानीत नसे.

ह्या यात्रेंत समुद्राचें स्थान फार विलक्षण होतें. गंगेचें पाणी कावडींतून रामेश्वरास न्यावयाचें आणि सेतूची वाळू आणून प्रयागास गंगेंत सोडावयाची, असा परिपाठ होता. पैठणच्या एकनाथांनीं रामेश्वरासाठीं आणलेलें गंगाजल वाटेंत तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाला पाजलें, ही कथा मराठवाड्यांत पोरांसोरांच्याहि तोंडीं आहे. वाळू होती, पाणी होतें; पण वाळूवर बसावें आणि पाण्यांत खेळावें हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. समुद्राला पर्वकाळावांचून स्पर्श करूं नये, असें धर्मशास्त्राचें सांगणें. सेतूच्या ठिकाणीं तेवढी त्यांतून सूट. आजच्या प्रवाशाला ह्या नियमाचें हसूं येईल. मला येत नाहीं. ज्या काळीं पोहतां न येणारीं, समुद्र प्रथमच पाहणारीं शेंकडों माणसें एकदम किनाऱ्यावर येत, त्या काळीं त्याच्याशीं सलगी करूं नका असें सांगणारा नियम निदान निरुपद्रवी तरी खासच होता.

पण साखऱ्याच्या माणसाला समुद्र दूर होता तो केवळ भूगोलानें नव्हे. हैदराबादच्या राज्याला एके काळीं पूर्वेचा किनारा होता. मच्छलीपट्टण १७५९ सालीं गेलें, उत्तर सरकारचा प्रांत १७६६ च्या तहानें इंग्रज कंपनीला मिळाला, आणि १७८८ सालीं गुंटूरहि गेल्यावर निजामाच्या राज्याला समुद्राचा स्पर्शच उरला नाहीं. तेव्हांपासून १९४८ पर्यंत एकशें साठ वर्षें हें एवढें विस्तीर्ण संस्थान चारहि बाजूंनीं जमिनीनें कोंडलेलें होतें. राज्यकर्त्यांना ह्याची जाणीव तीव्र होती. पोर्तुगीजांकडून गोव्यांतील मुरगांवचें बंदर मिळवावें अशी खटपट निजामाच्या सरकारनें १९४० नंतरच्या दशकांत केली, ती फसली. राज्यकर्त्यांस बंदर हवें होतें तें व्यापारासाठीं आणि राज्य टिकविण्यासाठीं. प्रजेला समुद्र हवा कीं नको, हें विचारण्याची तेव्हां पद्धत नव्हती. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडांत गेलें म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरील अकोल्याचें स्टेशन. तो मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला होता. पुढें निजामाच्या हद्दींतूनहि मनमाड-सिकंदराबाद मार्ग झाला आणि पूर्णेहून हिंगोलीस फांटा आला. पण ह्या गाड्यांतून सरकी, कापूस, लष्करी सामान, यात्रेकरू आणि कोर्टकज्जेवाले जात. समुद्रावर हवा खावयास कोणी जात असल्यास तो हिंगोलीच्या छावणींतला इंग्रज अधिकारी असावयाचा.

मराठी माणसाची म्हणून समुद्राशीं जी ओळख होती तींतहि ‘बेट’ ह्या शब्दाला सुखाचा वास नव्हता. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं मालवणच्या कुरटें बेटावर सिंधुदुर्गाचें बांधकाम काढलें, १६७९ सालीं खांदेरीवर तटबंदी उभारली. आणि जंजिऱ्याचें बेट तर अखेरपर्यंत हातीं न आलेला किल्ला म्हणूनच इतिहासांत राहिलें. बेट म्हणजे तट, तोफा आणि पहारा. इंग्रजी अमलांत त्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. बेट म्हणजे अंदमान, म्हणजे काळें पाणी. आजच्या प्रवासी कंपन्यांच्या चित्रपत्रिकांत जें निळें पाणी दिसतें, त्याचा रंग आपल्या आज्यापणज्यांच्या मनांत काळा होता, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे मधला पल्ला केवढा आहे तें उमगेल.

समुद्राकडे प्रकृतीसाठीं जाण्याची चाल युरोपांत वैद्यांनीं पाडली. इंग्लंडांतील रिचर्ड रसेल नांवाच्या वैद्यानें १७५० सालीं समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर लॅटिनमध्यें एक ग्रंथ लिहिला. तो आपल्या रोग्यांना समुद्रांत बुडवून काढी आणि तें खारट पाणी पाजीतहि असे. ब्रायटन हें मासेमाऱ्यांचें गांव त्यामुळें भरभराटीस आलें. १७८९ सालीं आजारांतून उठलेला तिसरा जॉर्ज राजा वेमथ येथें समुद्रस्नानास उतरला, तेव्हां शेजारच्या स्नानाच्या गाडींतून वाजंत्र्यांनीं राजगीत वाजविलें. आमच्याकडे पर्वकाळीं समुद्रांत उतरतांना मंत्र म्हणतात. तेव्हां राजालाहि सूर धरल्याशिवाय पाण्यांत जाववलें नाहीं, ह्याचें फार आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं.

ह्याच कालखंडांत कॅरिबियन बेटावर केलेल्या एका मुक्कामाची हकीकत उपलब्ध आहे, आणि ती आजच्या कोणाहि बेत करणाऱ्या गृहस्थानें वाचण्याजोगी आहे. १७५१ सालीं व्हर्जिनियांतील लॉरेन्स वॉशिंग्टन ह्या क्षयाच्या रोग्यानें हवापालटासाठीं बार्बाडोसला जावयाचें ठरविलें आणि सोबतीला आपल्या एकोणीस वर्षांच्या धाकट्या सावत्र भावाला नेलें. हा धाकटा भाऊ म्हणजेच पुढें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष झालेला जॉर्ज वॉशिंग्टन. नोव्हेंबरच्या आरंभीं ते बेटावर पोंचले. वैद्यानें लॉरेन्सला तपासून गांवाबाहेर मोकळ्या हवेंत राहा असें सांगितलें. दोघे घोड्यांवर बसून बिऱ्हाड शोधीत हिंडले आणि किल्ल्यावरील एका कप्तानाचें घर त्यांनीं पसंत केलें. भाडें महिना १५ पौंड. दारू आणि धुलाई ह्यांचा खर्च निराळा. हें भाडें अवाच्या सवा आहे, पण भावाला तें देणें भाग पडलें, असें जॉर्जनें आपल्या रोजनिशींत टिपून ठेवलें आहे. त्या घरांत राहून पंधरा दिवस झाले नाहींत तोंच जॉर्जला देवी आल्या. तो त्यांतून उठला. लॉरेन्सला मात्र त्या हवेनें गुण आला नाहीं आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. ह्यानंतर जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या देशाच्या किनाऱ्याबाहेर पुन्हां कधीं गेला नाहीं. भाड्याची कुरकुर, वगळलेले खर्च, वैद्याचा सल्ला, वाटेंत लागलेलें दुखणें, आणि ज्यासाठीं गेलों तें न साधणें! पावणेतीनशें वर्षांत प्रवासाच्या गोष्टींत तपशिलाखेरीज कांहीं बदललें आहे असें वाटत नाहीं. एक गोष्ट मात्र त्या रोजनिशीच्या पाठीमागें उभी आहे, ती अशी कीं, त्या काळीं बार्बाडोसवर गोऱ्या मालकांहून आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांची संख्या कितीतरी पटीनें मोठी होती आणि बेटावरची बहुतेक जमीन उसाखालीं होती.

हिंदुस्थानांत इंग्रजांनीं समुद्रापेक्षां डोंगर पसंत केला. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानें महाबळेश्वरास आरोग्यस्थान वसविलें. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यानें माथेरान शोधून काढलें. गंमत अशी कीं, महाबळेश्वराच्या वाटेवरच समुद्र होता. मुंबईहून गलबतानें किंवा आगबोटीनें बाणकोट, तेथून सावित्रीच्या खाडीनें महाड, आणि मग पारघाटानें वर, असा तो जुना रस्ता होता. त्या वाटेवर बाणकोटच्या मुखाशीं आर्थर मॅलेट ह्याची बायको व मूल बुडालीं आणि तो पुढें महाबळेश्वरच्या कड्यावर बसून सावित्रीकडे पाहत राही, म्हणून त्या जागेला आर्थर सीट म्हणूं लागले, अशी कथा सांगतात. साहेब कोंकणचा किनारा ओलांडून डोंगरावर गेले, आणि त्यांच्या मागोमाग आमची शिकलेली मंडळीहि डोंगरच चढली. टिळक विश्रांतीसाठीं सिंहगडावर जात. किनाऱ्यावर राहून आनंद घेणारे होते, पण ते थोडे. १८८३ सालीं बावीस वर्षांचे रवींद्रनाथ टागोर कारवारला आपल्या न्यायाधीश भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे, जाऊन राहिले आणि तेथें त्यांनीं एक नाटक लिहिलें. त्यांचा तो मुक्काम हें विरळें उदाहरण.

‘हवापालट’ हा शब्द समुद्राला जोडला गेला तो मुंबईच्या आसपास. १९२४ सालीं गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयांत आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि सुटका झाल्यावर विश्रांतीसाठीं ते जुहूस नरोत्तम मोरारजी ह्यांच्या बंगल्यांत राहिले. १९४४ सालीं आगाखान महालांतून सुटल्यावर पुन्हां जुहूलाच. येथें यजमानाचें नांव अर्थपूर्ण आहे. नरोत्तम मोरारजी हे १९१९ सालीं स्थापन झालेल्या सिंदिया कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक, आणि इंग्रजांच्या हातीं असलेल्या जहाजधंद्यांत देशी जहाजें घालण्यासाठीं ती कंपनी झगडत होती. प्रकृति सुधारण्यासाठीं आलेल्या पाहुण्यांच्या भेटीस तेथें पुढारी लोटत आणि राजकारण चाले. म्हणजे विश्रांतीच्या नांवानें झालेला तो मुक्काम विश्रांतीचा कितपत झाला हें सांगावयास नको. पुढें स्ट्रेप्टोमायसीन हें औषध आलें आणि क्षयाच्या रोग्याला हवेसाठीं गांव सोडण्याचें कारण उरलें नाहीं. रोगाची सक्ति गेली. हवेसाठीं बाहेर जाण्याची संवय राहिली. आजची सुटी ही ह्या संवयीचीच मुलगी होय.

शिक्षेचा मुक्कामहि ह्याच किनाऱ्यानें पाहिला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ सालीं रत्नागिरीस आणला गेला. खाडीवर त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा पुरा व्हावयास १९१० साल उजाडलें, आणि सहा वर्षांनीं, १९१६ च्या डिसेंबरांत, तो तेथेंच मरण पावला. ज्या देखाव्यासाठीं आज लोक पैसे मोजून जातात तोच देखावा हा राजा तीस वर्षें कैदी म्हणून पाहत होता. अंदमानांतून परत आणलेल्या सावरकरांनाहि १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडण्याची मनाई होती. सरकारनें हा जिल्हा निवडला ह्यांत नवल नाहीं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रि, रेल्वे नाहीं, आणि पावसाळ्याचे महिने आगबोटहि बंद.

ती आगबोट हा तर कोंकणचा एक स्वतंत्र ग्रंथच आहे. तिच्यांतून हवा खाणारे थोडे जात, पोटासाठीं गांव सोडणारे पुष्कळ. मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचा क्रम पहिला होता. घरीं म्हातारीं, बायका आणि मुलें राहत, आणि चाकरमानी शिमग्याला, गणपतीला घरीं येई. बहुतेक बंदरांना धक्का नव्हता. बोट दूर उभी राही, आणि पडावांतून, होड्यांतून माणसें, ट्रंका, वळकट्या उतरवीत. १९२७ च्या ११ नोव्हेंबरला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी एकाच वादळांत गेल्या. १९४७ च्या १७ जुलैला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जातांना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. स्वातंत्र्याला तेव्हां एक महिनाहि उरला नव्हता. ज्या किनाऱ्यावरचीं माणसें समुद्राला असा हिशेब देत आलीं, त्यांना समुद्र ही मौजेची जागा आहे असें सांगणारा पाहुणा प्रथम खुळाच वाटला असेल. कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पुरी सुरू झाली आणि १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन-जिल्हा म्हणून जाहीर झाला. म्हणजे पाहुणे येण्याची वाट आणि तरुणांची बाहेर जाण्याची वाट एकाच वर्षा-दोन वर्षांत रुंद झाली.

कॅरिबियन बेटांची कथा हीच, पण अधिक कठोर. कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ ला त्या बाजूच्या एका बेटावर उतरला तो हिंदुस्थान सांपडला ह्या समजुतीनें, आणि ती चूक ‘वेस्ट इंडीज’ ह्या नांवांत पक्की होऊन बसली. पुढें साखरेनें त्या बेटांचा कबजा घेतला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला कायद्यानें संपली आणि उमेदवारीच्या नांवाखालीं राहिलेली वेठ १८३८ सालीं सुटली. तेव्हां मळेवाल्यांनीं हात पुढें केला तो खऱ्या हिंदुस्थानाकडे. ५ मे १८३८ ला हिंदी मजुरांचीं पहिलीं जहाजें ब्रिटिश गियानाच्या किनाऱ्याला लागलीं. ‘फतेल रझाक’ हें जहाज १८४५ च्या फेब्रुवारींत कलकत्त्याहून निघालें आणि ३० मे रोजीं सुमारें सव्वादोनशें माणसें घेऊन त्रिनिदादला पोंचलें. समुद्रावर शंभराहून अधिक दिवस! १९१७ सालीं ही पद्धत बंद होईपर्यंत एकट्या त्रिनिदादमध्यें एक लाख चाळीस हजारांहून अधिक हिंदी माणसें गेलीं. त्यांचा मुक्कामहि आधीं ठरलेला, लिहिलेला होता. किती वर्षें, किती मजुरी, राहण्यास कोठें, परतीचें भाडें केव्हां, हें सारें करारांत असे. त्या इंग्रजी कराराच्या नांवाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमीट’ झालें, आणि माणसें ‘गिरमिटी’ झालीं.

ह्यांत मराठी माणूस कॅरिबियनकडे फारसा गेला नाहीं. रत्नागिरी व आसपासच्या जिल्ह्यांतले मजूर मुंबई बंदरांतून गेले ते मुख्यतः मॉरिशसला. तेंहि बेटच, तेथेंहि ऊसच. पोर्ट लुईस येथील ज्या घाटावर १८३४ पासून हे मजूर उतरले त्या ‘आप्रवासी घाटा’ला २००६ सालीं जागतिक वारशांत स्थान मिळालें. त्यांचे वंशज आज तेथें आपल्याला मराठी म्हणवितात, मराठीच्या शाळा व मंडळें चालवितात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. महाराष्ट्रांतून जीं नवीं जोडपीं मॉरिशसच्या वाळूवर चार दिवस घालवावयास जातात, त्यांपैकीं कितीजण त्या घाटाच्या पायऱ्या पाहून येतात, हें एकदां त्यांनाच विचारलें पाहिजे.

मळ्यांचीं बेटें सुटीचीं बेटें कशीं झालीं, ह्याचें उत्तर केळ्यांत आहे. युरोपांतील बीटाच्या साखरेनें १८८४ च्या सुमारास उसाच्या साखरेचा भाव पाडला, आणि जमैकांतील शेतकरी केळ्यांकडे वळले. लोरेन्झो डाव बेकर ह्या अमेरिकन कप्तानानें त्या केळ्यांचा व्यापार वाढविला. बोटी केळीं भरून बोस्टनला जात आणि परततांना मोकळ्या येत. मोकळी बोट चालविणें कोणाहि व्यापाऱ्याला रुचत नाहीं. तेव्हां थंडीला कंटाळलेले धनिक अमेरिकन लोक परतीच्या बोटींत भरावे ही युक्ति निघाली. पोर्ट अँटोनियोला बेकरनें हॉटेल काढलें, १८९० सालीं जमैकाच्या सरकारनें हॉटेलांना उत्तेजन देणारा कायदा केला आणि १८९१ सालीं किंग्स्टनला मोठें प्रदर्शन भरविलें. माँटेगो बे येथील प्रसिद्ध स्नानाची जागा तर एका वैद्याचीच; मॅककॅटी नांवाच्या त्या डॉक्टरनें ती १९०६ सालीं स्नानमंडळाला देऊन टाकली आणि ‘डॉक्टरची गुहा’ हें नांव तिला कायमचें राहिलें. पाहुण्यांचा तो हंगाम तेव्हांपासून डिसेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा ठरला, कारण तेव्हां तिकडे कोरडी हवा असते आणि अमेरिकेंत बर्फ. उसाची तोडणीहि बव्हंशीं त्याच महिन्यांत चालते. एकाच बेटावर, एकाच ऋतूंत, एक माणूस उन्हांत पडून राहावयास येतो आणि दुसरा त्याच उन्हांत कोयता चालवीत असतो.

आमच्याकडे त्या बेटांचीं नांवें घरोघर पोंचविलीं तीं क्रिकेटनें. १९५३ सालीं विजय हजारे ह्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ प्रथम तिकडे गेला; त्या संघांतील सुभाष गुप्ते ह्यांनीं कसोटी सामन्यांत २७ बळी घेतले, पुढें त्रिनिदादच्याच मुलीशीं विवाह केला, आणि तेथेंच स्थायिक होऊन २००२ सालीं त्यांनीं देह ठेवला. १९७१ सालीं अजित वाडेकर ह्यांच्या संघानें तेथील मालिका जिंकली, दिलीप सरदेसाई ह्यांनीं ६४२ धावा काढल्या आणि सुनील गावसकर ह्यांनीं पहिल्याच मालिकेंत ७७४. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, किंग्स्टन हीं नांवें मराठी जिभेवर रुळलीं तीं त्या वर्षापासून. हॉटेलांच्या जाहिराती फार मागून आल्या.

साखऱ्याला किनारा मिळाला तो १९५६ सालीं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलें खरें, पण मराठवाडा त्या राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या दिवसापासून पैनगंगेकांठच्या माणसाच्या स्वतःच्या राज्याला समुद्र आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, आणि जून २०२५ मध्यें पुरा झालेला समृद्धि महामार्ग शेजारच्या वाशीम जिल्ह्यांतून मुंबईकडे जातो. पण राज्याला किनारा मिळाला म्हणजे माणसाला सवड मिळाली असें नव्हे. दसरा-दिवाळी झाली कीं मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. राहणें पाचटाच्या कोपींत. आणि परत गांवीं येणें मार्च-एप्रिलांत. ह्या उचलींत आणि त्या गिरमिटांत फरक कोणता, हें कायद्याच्या पुस्तकांत पुष्कळ सांपडेल, कोपींत थोडें. जे गांवीं राहतात त्यांची हळद ह्याच सुमारास काढावयाची, शिजवावयाची, वाळवावयाची असते, आणि हिंगोली-वसमतच्या बाजाराकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. अर्थात् कॅरिबियन बेटांचा जो खरा हंगाम, तो ह्या गांवाच्या कामाचा भर.

तेव्हां साखऱ्यांतल्या कोणीं तो बेत खरोखरच करावयाचा म्हटला, तर तो वैशाखांतला करावा लागेल. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळद विकून हातीं दोन पैसे आलेले असतात आणि ऊसतोडीची मंडळी घरीं परतलेलीं असतात. मुंबईहून तिकडे थेट विमान नाहीं. युरोपांत किंवा अमेरिकेंत उतरून पुढें जावें लागतें, आणि मध्यल्या देशाच्या परवान्याची चौकशी आधीं करावी लागते. एप्रिलचा मध्य उलटला कीं थंडीचे पाहुणे निघून जातात व तेथील हॉटेलांचे भाव बरेच उतरतात. भाड्यांत जेवण, धुलाई आणि बेटावरचा कर धरला आहे कीं नाहीं, हें वॉशिंग्टनबंधूंप्रमाणें अगोदर विचारून घ्यावें. १ जूनपासून तिकडे वादळांचा काळ धरतात, आणि ७ जूनच्या आसपास इकडे मृग लागतो. त्यापूर्वीं घरीं येऊन मावंदें उरकलें, तर पेरणी चुकत नाहीं.